माफक भीतीची गोडी

मराठी भयकथेला समीक्षकांनी कधी फारसं जवळ केलं नाही. तिला सांभाळलं ते गल्लीबोळांतल्या वाचनालयांच्या वर्गणीदारांनी. शनिवारी नारायण धारपांचं पुस्तक घरी न्यायचं, रविवारी रात्री संपवायचं आणि सोमवारी ते परत करून एखादी सामाजिक कादंबरी किंवा प्रवासवर्णन आणायचं, असा हा वाचक. त्याच्या कपाटात भयकथांचा संग्रह नसतो, जगभरच्या भयपटांची नावं त्याला पाठ नसतात. त्याला अधूनमधून, आपणहून, थोडंसं घाबरायला आवडतं इतकंच. हा आढावा त्या हौशी माणसाच्या बाजूने घेतलेला आहे. त्याला यात काय मिळतं, मराठीत ते कुठे मिळतं आणि त्याने कशापासून जपावं, हे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगते. भयाचा रस सगळ्यात ताजा याच माणसाला मिळतो, आणि आपल्याकडे जे चांगलं भयलेखन झालं ते बहुतांशी त्यालाच समोर ठेवून झालं.

घाबरण्यात कसली आलीय मजा, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. विचारणारा बहुधा शेजारच्या खोलीत बसून, आवाज कमी करा, असं सांगत असतो. प्रश्न मात्र फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक आहे. म्हणजे भीतीचाही आस्वाद घेता येतो हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. तो कसा घेता येतो हे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने समजावून सांगितलं, आणि त्यासाठी उदाहरण घेतलं शाकुंतलातल्या हरणाचं. दुष्यंताचा रथ मागे लागलाय, हरीण जिवाच्या आकांताने धावतंय, मान वळवून मागे बघतंय, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतंय. प्रेक्षकाला इथे जी भीती जाणवते ती त्याची स्वतःची नसते, आणि ती नुसती त्या हरणाचीही राहत नाही. मी, माझा शत्रू, माझा मित्र, ही जागा, ही वेळ, या सगळ्यांतून ती सुटते आणि निव्वळ भीती उरते. खऱ्या भीतीत माणूस पळत सुटतो. इथे तो जागचा हलत नाही, उलट आणखी पुढे वाकून बघतो. भयपटाच्या प्रेक्षकाचं याहून नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

अलीकडच्या संशोधकांनी हीच गोष्ट मोजून पाहिली. डेन्मार्कमधल्या वायले या गावात मासळीच्या एका जुन्या कारखान्यात लोकांना घाबरवण्यासाठी मुद्दाम उभारलेलं भुताचं घर आहे. आरहुस विद्यापीठाच्या चमूने तिथे आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले, त्यांचे चेहरे टिपले आणि मजा किती आली तेही विचारलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना भीती फार कमी वाटली त्यांना मजा आली नाही, ज्यांना फार वाटली त्यांनाही नाही. मजा आली ती मधल्यांना. ठोके थोडे वर, थोडे खाली असे हलत राहिले की माणूस सुखावतो, एकदम उसळले की तो हैराण होतो. याच क्षेत्रातल्या काही संशोधकांनी करोनाच्या पहिल्या लाटेत पाहणी केली, तेव्हा भयपट आवडणाऱ्यांनी इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. यावरून भयपट हे औषध ठरत नाही, आणि तसा प्रचार कुणी करूही नये. पण भयाची आवड म्हणजे डोक्यात काही बिघाड आहे ही समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही.

मधल्या मापाची ही भीती हौशी माणसाला सहज मिळते, कारण त्याला सवय झालेली नसते. रोज भयपट बघणाऱ्याला दार करकरलं की पुढे काय येणार ते ठाऊक असतं. त्याला मग अधिकाधिक रक्त लागतं, नाहीतर अधिकाधिक आडवळणाची कथा. स्टीफन किंगने १९८१ च्या आपल्या ‘डान्स मकाब्र’ या पुस्तकात भयाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची, काहीच दिसत नसताना मनात दाटणाऱ्या धास्तीची. मधली, अक्राळविक्राळ काहीतरी प्रत्यक्ष समोर येण्याची. खालची, किळसेची. वरची जमली नाही तर मधली, तीही नाही जमली तर खालची, असा आपला क्रम त्याने मोकळेपणाने कबूल केला आहे. आपल्या जुन्या रसशास्त्रातही भयानक आणि बीभत्स वेगळे मानले आहेत. हौशी वाचक-प्रेक्षक सहसा बीभत्साला पाठ फिरवतो आणि धास्तीच्या शोधात असतो. त्याची ही निवड मला योग्य वाटते.

आता मराठीकडे. आपल्याकडे भीतीचा कच्चा माल अमाप आहे, आणि तो नुसता पिशाचांच्या यादीत संपत नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्न व्हायच्या आत गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंधाचा जीव घरात, वाड्यात, पुरून ठेवलेल्या धनात अडकलेला असतो. गिऱ्हा पाणवठ्यावर वाट बघतो, चकवा ओळखीच्या रस्त्यावर माणसाला गोल गोल फिरवतो. ही मंडळी नीट पाहिली तर एकेका नावामागे कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं दिसतं. कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुणाची इस्टेट. गावाने ज्यांच्याकडे जिवंतपणी पुरेसं पाहिलं नाही ती माणसं मेल्यावर गावाला आपल्याकडे पाहायला लावतात. चांगली भयकथा सुरू होते ती इथूनच.

सगळ्याच अदृश्य शक्ती वैर धरणाऱ्या नसतात, हेही कोकणात शिकायला मिळतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, आणि तोच गावाचा राखणदार. नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला साध्या मापाच्या नसतात, माणसाचा पाय त्यात हरवून जाईल एवढ्या प्रचंड असतात. रात्री वेतोबा गावाच्या वेशीवर फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. झिजलेला तळवा बोटाने दाखवून सांगणारी माणसं तिथे भेटतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण रात्रीच्या अंधारात कुणीतरी चालतंय, आणि ते आपल्या बाजूचं आहे, ही कल्पना भीती आणि दिलासा एकाच वेळी देते. आपल्या लेखकांना हा ठेवा पुरता वापरता आलेला नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी तो सगळ्यात खोलवर हाताळला. त्यांच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये चित्रपट केला. तरीही खानोलकरांना भयलेखक कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. त्यांच्याकडे भीती हा मुक्काम नसतो, वाटेतलं एक गाव असतं.

भीती हाच मुक्काम मानून आयुष्यभर लिहिलं ते नारायण धारपांनी (१९२५–२००८). विज्ञानाचा पदवीधर असलेला हा लेखक विज्ञानकथाही लिहायचा, आणि त्याच्या भयकथेची घडण त्यावरूनच कळते. धारपांचा नायक बहुधा नोकरदार, हिशेबी, भुताखेतांवर विश्वास नसलेला. त्याला एखादं घर वारशाने मिळतं किंवा स्वस्तात मिळतं. पहिली काही पानं सामान लावणं, चहा, किराणा, शेजारी यांतच जातात. मग एक बारीकशी गोष्ट जमेनाशी होते. ती बसत नाही म्हणून तो तर्काने बसवायला जातो आणि वाचक त्याच्या मागोमाग एकेक पायरी उतरत राहतो. अशुभ शक्तींचेही काही नियम असतात, ते कळले तर त्यांच्याशी झुंजता येतं, असं धारपांचं जग आहे. त्यांच्या ‘समर्थ’ कथांमधला नायक तर त्याच कामासाठी आहे. भाषा सरळ, वर्णन मोजकं, विशेषणांची गर्दी नाही. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर बेतलेली आहे, आणि यावरून त्यांना कमी लेखणारे बरेच आहेत. बेतलेल्या पुस्तकावर तसं ठळकपणे छापलेलं असावं, हा आग्रह रास्तच आहे. पण अमेरिकेतल्या छोट्या शहराची भीती महाराष्ट्रातल्या गावात रुजवायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही. नातेसंबंध, घरांची रचना, देवधर्म सगळं नव्याने उभारावं लागतं. ते काम धारपांनी असं केलं आहे की मूळ कादंबरी नंतर वाचली तरी मराठी गाव मनातून पुसलं जात नाही.

रत्नाकर मतकरींची (१९३८–२०२०) वाट निराळी. त्यांच्या गूढकथेत भूत नसलं तरी चालतं. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘गहिरे पाणी’, ‘कबंध’ या संग्रहांतली भीती माणसाच्या मनातच तयार होते. मत्सर, लोभ, अपराधाची टोचणी यांपैकी काहीतरी हळूहळू वाढत जातं आणि शेवटच्या परिच्छेदात गोष्ट उलटते. लहानशा कथेत एवढं साधायला नाटककाराची शिस्त लागते, आणि ती त्यांच्याकडे होती. हाच लेखक ‘लोककथा ७८’सारखं दलितांवरच्या अत्याचाराचं नाटक लिहितो, हा योगायोग नव्हे. साध्यासुध्या दिसणाऱ्या माणसांत काय काय दडलेलं असतं याचं कुतूहल दोन्हीकडे सारखंच आहे. हौशी वाचकासाठी मतकरी हा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रवेश आहे. एक कथा चहा गार होईपर्यंत वाचून होते आणि नंतर बरेच दिवस सोबत राहते.

मतकरींनी मराठी मुलांना पहिली भीतीही दिली. ‘अलबत्या गलबत्या’ या त्यांच्या बालनाट्यातली चेटकीण पाहून कित्येक पिढ्या आईच्या कुशीत शिरल्या आणि लगेच डोकं बाहेर काढून बघू लागल्या. ती चेटकीण गाजवली दिलीप प्रभावळकरांनी. पुढे महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) तात्या विंचूही त्यांनीच साकारला, आणि बाहुल्याची करामत रामदास पाध्यांची होती. मूळ कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण लक्ष्मीकांत बेर्डे आणि तो बाहुला समोरासमोर आले की हसू आणि धडकी यांची सरमिसळ अस्सल मराठी होते. अशोक सराफांच्या भुताचा ‘एक डाव भुताचा’ (१९८२), पुढे ‘पछाडलेला’ (२००४), असा हा विनोदी धागा लांबवर चालत आला आहे. मराठी प्रेक्षकाला भूत घरच्या सगळ्यांसोबत, लहान मुलांना मांडीवर घेऊन बघायचं असतं. विनोदाच्या सोबतीमुळे ते शक्य होतं. त्याचा एक तोटाही झाला. बरीच वर्षं मराठी पडद्यावरचं भूत गंभीरपणे घाबरवायचं विसरूनच गेलं.

हिंदीत त्या काळात रामसे बंधूंचं राज्य होतं. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी थोडक्या माणसांत महाबळेश्वरला चित्रित केला, ‘पुराना मंदिर’ (१९८४) तुफान चालला, १९९३ पासून त्यांचा ‘झी हॉरर शो’ घराघरांत पोहोचला. मला त्यांचे चित्रपट भीतीपेक्षा मेकअपसाठी आठवतात. शहरी फ्लॅटमधली भीती खऱ्या अर्थाने आली ती रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये (२००३). लिफ्ट, पार्किंग, रिकामा जिना या रोजच्याच जागा होत्या, आणि उर्मिला मातोंडकरने त्यात जे काम केलं त्याला तोड नाही. मराठी मालिकांत ‘रात्रीस खेळ चाले’ने (२०१६) कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात प्रेक्षकांना महिनोन्‌महिने बसवून ठेवलं. पहिल्या पर्वातलं भय हळूहळू कमी झालं आणि पुढच्या पर्वात अण्णा-शेवंता या पात्रांची जोडी हेच आकर्षण उरलं. रोज अर्धा तास ताणली की धास्ती टिकत नाही, हे त्या मालिकेने दाखवून दिलं.

‘तुंबाड’ (२०१८) हा मात्र वेगळ्या उंचीवरचा चित्रपट. राही अनिल बर्वेंचं हे काम कितीतरी वर्षं चाललं, एकदा चित्रित झालेलं पुन्हा नव्याने चित्रित झालं. व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली, आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, आणि म्हाताऱ्या आजीचा भाग धारपांच्या कथेवरून सुचलेला. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत पुढे सरकते. पाऊस सारखा कोसळत असतो. साखळदंडात ठेवलेली आजी झोपी जावी म्हणून तिला हस्तर या शापित देवाचं नाव घेऊन धमकावावं लागतं, आणि हे काम एका लहान मुलावर येऊन पडतं. पुढे तोच मुलगा मोठा होऊन दोर बांधून विहिरीत उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, पिठाची बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या कटीवस्त्रातून जितकी नाणी ओढता येतील तितकी ओढायची आणि वर यायचं. यात घाबरवणारी गोष्ट हस्तर नाहीच. आत खाली काय आहे हे पुरतं माहीत असताना बाप आपल्या मुलाला तोच दोर धरायला शिकवतो, ती आहे. कणकेच्या गोळ्यासारखी घरातली वस्तू या चित्रपटानंतर काही काळ नुसती कणीक राहत नाही.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) मराठीतला आजवरचा सगळ्यात ठाम भयपट आहे असं मला वाटतं. उसाच्या फडाच्या मधोमध एक घर, दिवस भरत आलेली नेहा, तिची काळजी घेणारी तुळसाबाई आणि उसातून येणारे मुलांचे आवाज. चित्रपटाचा बहुतेक भाग दिवसाउजेडी घडतो, तरी श्वास अडकतो, कारण उंच वाढलेल्या उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. भुतं आहेत, पण त्यांच्यामागे जे आहे ते महाराष्ट्राच्या जनगणनेतल्या मुलींच्या घटत्या आकड्यांतून आपल्याला आधीच माहीत होतं. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी चित्रपट तोलून धरला आहे. पुढे फुरियांनीच त्याचा हिंदी ‘छोरी’ (२०२१) केला.

इथे एक खंत बोलून दाखवावीशी वाटते. ‘तुंबाड’ची माती, गोष्ट आणि दिग्दर्शक मराठी, भाषा हिंदी. ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, चित्रपट हिंदी, आणि त्याने देशात शंभर कोटींच्या पुढे मजल मारली. याच सरपोतदारांनी आधी डोंबिवलीत झोंबी आणून ‘झोंबिवली’ (२०२२) मराठीत केला होता, आणि उंच इमारती आणि शेजारची वस्ती यांच्यातली दरी त्यात छान पकडली होती. पैशाचं गणित कळतं. ‘तुंबाड’ला लागला तेवढा वेळ आणि खर्च मराठी निर्मात्याला पेलणारा नाही. पण ‘लपाछपी’ला तेवढं काही लागलं नव्हतं. एक घर, शेत आणि मोजकी पात्रं पुरली. मल्याळममध्ये ममूटीसारखा मोठा नट ‘ब्रमयुगम’सारखा (२०२४) कृष्णधवल भयपट करतो आणि तो चालतो. मतकरींच्या कथांना तर एक खोली आणि दोन चांगले नट एवढंच पुरेल.

अंधश्रद्धेचा प्रश्न टाळून हा आढावा पुरा होणार नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे भुताच्या गोष्टी चवीने वाचाव्यात का, असं मनापासून विचारणारे लोक आहेत आणि त्यांचं ऐकून घ्यायला हवं. माझ्या मते गफलत भुतामुळे होत नाही, मांत्रिकामुळे होते. कथेत भूत आलं म्हणून कुणी पिंपळाखालून जायचं सोडत नाही. पण मालिकेत भगवी कफनी घातलेला बाबा येऊन दर आठवड्याला प्रश्न सोडवू लागला, तर घरातल्या आजाऱ्याला डॉक्टरऐवजी तसाच बाबा दाखवावासा वाटू शकतो. चांगल्या भयकथेत शेवटचा शब्द बाबाचा नसतो. ‘तुंबाड’मध्ये कुणी सोडवणारा नाही, ‘लपाछपी’मध्ये गुन्हा माणसांचा आहे, मतकरींकडे तर भूतही बहुतेकदा नाही. धारपांचा समर्थ या बाबतीत अवघड जागी उभा आहे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. त्याला वाचताना गोष्ट म्हणून वाचणारा वाचक लागतो. वाचनालयाचा वर्गणीदार तसा होता.

नव्याने या वाटेला लागणाऱ्याला कुणी विचारलं तर मी आधी पुस्तक हाती देईन. पुस्तकात वेग आपल्या हातात असतो, पान मिटता येतं, चेहरा आपल्याला झेपेल तितकाच भेसूर रंगवता येतो. मतकरींचा एखादा संग्रह घ्यावा आणि एका बैठकीत एकच कथा वाचावी. मग धारपांची ‘लुचाई’ किंवा ‘चेटकीण’. धारपांची पुस्तकं आता ऐकायलाही मिळतात, पण रात्रीच्या एसटीत कानात घालून ऐकायची असतील तर आपल्याला किती झेपतं ते आधी दिवसा ऐकून पाहावं. पडद्याकडे वळताना ‘झपाटलेला’, मग ‘भूत’, मग ‘तुंबाड’ हा क्रम बरा. चित्रपटात अर्धी भीती आवाजात असते, त्यामुळे फार झालं की डोळ्यांऐवजी कान झाकावेत, किंवा सरळ आवाज बंद करावा. त्यात कमीपणा नाही. सोबत कुणीतरी असावं आणि मध्येच उठून जायची मोकळीक सगळ्यांना असावी. ‘लपाछपी’ सगळ्यात शेवटी ठेवावा. मुलांना तो दाखवू नये, आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर तेवढे महिने तो राहू द्यावा.